जहाजमंत्री साहेब, गहू रातोरात थांबवता येतो, मग माझा पोरगा काऊन नाही?

मा. केंद्रीय जहाजवाहतूक मंत्री साहेब, सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातला कापूसवाला. पोरगा परदेशी झेंड्याच्या, म्हणजे दुसऱ्या देशात नोंदवलेल्या, मालवाहू जहाजावर खलाशी आहे. सही घेताना एजंटानं तोंडावर सांगितलं होतं की हे जहाज रेड सीत, म्हणजे तांबड्या समुद्रात, जाणार नाही. परवा पोराचा मेसेज आला, पप्पा आम्ही सुएझ पार केला, आता रेड सीच्या खालच्या तोंडाकडे, बाब-अल-मंदेबकडे चाललो, एआयएस (बोट कुठे आहे ते सांगणारं यंत्र) बंद ठेवणार आहे, फोन लागणार नाही. त्यानं जायला नकार दिला तर एजंट म्हणते, उतर, तिकीट तुझ्या खर्चानं, अन् पुढे तुला कोणी बोटीवर घेणार नाही.

गावातल्या पोट्ट्यानं मोबाईलवर जहाजं दाखवणारं अ‍ॅप टाकून दिलं. त्यात बोटीचा ठिपका जिद्दाच्या खाली थांबलेला आहे, अन् शेवटची खबर किती तासांपूर्वीची, तो आकडा फक्त वाढत जाते. पोराची माय रात्रभर तेच पाहत बसते, भाकर खाल्ली नाही तिनं.

हेल्पलाइनवर फोन लावला तर उत्तर काय, जहाज परदेशी झेंड्याचं आहे, आमच्या अधिकारात येत नाही. अरे पासपोर्ट भारताचा, सीडीसी (खलाशाची नोंदवही) तुमच्या खात्याची, एजंटाचं लायसन तुमच्या खात्याचं, अन् जीवाची जबाबदारी तेवढी कोणाचीच नाही?

अधिकार नाही हे मले पटत नाही साहेब. १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्यातच होतं की लायसन असलेल्या जहाजानं कोणत्या बंदरात जायचं, कोणत्या रस्त्यानं जायचं, देशाबाहेरसुद्धा, हे तुमच्या खात्याचे जहाजवाहतूक डायरेक्टर जनरल लेखी ऑर्डरनं सांगू शकतात. २०१० मध्ये सोमाली चाच्यांनी आपली गलबतं धरली तेव्हा ओमानचं सलालाह ते मालदीवचं माले अशी रेघ ओढली अन् त्याच्या दक्षिणेला, पश्चिमेला जायचं नाही म्हणून एका ऑर्डरनं बंदी घातली. तेव्हा जमलं ना? पण आपली बहुतेक पोरं परदेशी झेंड्याखाली काम करतात, तिथे ही रेघ लागतच नाही. दुसऱ्या देशांनी धरून ठेवलेल्या बोटी पाहा, स्टेना इम्पेरोवर १८ भारतीय, हीरोइक इदुनवर १६, एमएससी एरीजवर १७, झेंडा दरवेळी दुसऱ्याचा अन् अडकलेली पोरं आपली. अस्फाल्ट व्हेंचर बोटीचे सात जण तर चाच्यांना खंडणी देऊनही २०१४ पर्यंत सोमालियात सडले. जुलै २०२५ मध्ये इटर्निटी सी ही अख्खी बोट येमेनच्या हुथी बंडखोरांनी याच रेड सीत बुडवली, अन् माझं पोरगं त्याच पाण्यात आहे.

पोराच्या कोर्सपायी मी रस्त्याकडेचं, विहिरीचं वावर विकलं. कापसात काही उरत नाही म्हणूनच पोराला दर्यावर पाठवलं ना. अन् कापसात काऊन उरत नाही ते पण ऐका. ऑगस्ट २०२५ मध्ये, आमचा कापूस झाडावर असताना, इम्पोर्टवरची ११ टक्के ड्युटी एका नोटिफिकेशननं काढून टाकली. मे २०२२ मध्ये गव्हाची निर्यात रातोरात बंद केली, डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची. आमचा माल अडवायचा, भाव पाडायचा म्हटलं की दिल्लीत रात्रीतून कागद निघते, तिथे कोणी म्हणत नाही की अधिकारात येत नाही. शेतकऱ्याचं पोरगं मिसाईलखाली चाललं की मग झेंडा आठवते तुम्हाला. मत मागायला येता तेव्हा आम्ही कोणत्या झेंड्याचे असतो?

परदेशी जहाज तुम्ही अडवू शकत नाही, मान्य. एजंटाची मान तर तुमच्या हातात आहे! युद्धाच्या पाण्यात जायच्या आधी प्रत्येक पोराची लेखी संमती घ्यायची, तो नाही म्हणाला तर कंपनीच्या खर्चानं घरी आणायचं, ब्लॅकलिस्ट करणाऱ्या एजंटाचं लायसन रद्द, अन् बोट कुठे आहे हे घरच्यांना रोज कळवायचं. नकाराचा हा हक्क आंतरराष्ट्रीय युनियनच्या करारात आहेच, माझ्या पोराच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये ते पानच नाही. एवढी एक ऑर्डर काढा. अन् या एजंटाला आजच बोलवा, उद्या नाही, बोटीचं नाव अन् पोराचा सीडीसी नंबर तुमच्या ऑफिसला मेल केला आहे.

आपला,
एका खलाशाचा बाप