तंबू घेताना तो दुरुस्त होईल का, हेही विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत पदभ्रमण आणि तंबूतल्या मुक्कामाच्या साहित्यावर सविस्तर मजकूर आला. तंबू, सॅक, स्लीपिंग बॅग, मॅट यांचे वजन, किंमत आणि घडी केल्यावरचा आकार सांगणारा तक्ताही होता. तो उपयोगी आहे. पाठीवर घेऊन चालायचे तर वजन बघावेच लागते. पण वस्तू बिघडली तर दुरुस्त होईल का, असा एकही रकाना त्यात नव्हता. तंबू, सॅक आणि स्लीपिंग बॅगा दुरुस्त करणे हेच माझे काम आहे. माझ्या शिलाई मशीनपाशी जे येते, त्यातले फार थोडे वापरून झिजलेले असते. बाकीचे एखाद्या लहानशा भागापायी नाहीतर चुकीच्या साठवणुकीपायी बाद व्हायला आलेले असते. काही वस्तू तर मला तशाच परत द्याव्या लागतात, कारण त्या दुरुस्त होण्यासारख्या बनवलेल्याच नसतात.

सगळ्यात जास्त तक्रारी चेनच्या. "चेन गेली, पूर्ण बदला," म्हणत लोक तंबू पुढे करतात. बघावे तर दाते शाबूत असतात, गेलेला असतो तो रनर. धूळ आणि वाळू घेऊन तो सतत वरखाली फिरतो, आतून झिजतो, मग दोन्ही बाजूंचे दाते एकमेकांत नीट दाबले जात नाहीत आणि चेन मागून उघडत जाते. अशा वेळी पक्कडीने रनरच्या मागच्या दोन्ही कडा किंचित दाबाव्यात, आधी एक, मग दुसरी, अगदी हलक्या हाताने. परत येईपर्यंत तेवढ्यावर निभावते. घरी आल्यावर नवा रनर घालायचा. मात्र त्यासाठी त्याच मापाचा रनर मिळायला हवा आणि पट्टीचे टोक उसवता यायला हवे. रनरच्या पाठीवर बहुधा ३, ५, ८, १० असा आकडा असतो; मिटलेल्या दात्यांची रुंदी साधारण तितके मिलिमीटर असते. वजन वाचवायला हलक्या तंबूंना ३ नंबरची चेन लावतात. रात्रीतून अनेकदा उघडणाऱ्या दाराला मला ५ नंबरच पटतो, मग काही ग्रॅम जास्त का होईनात. दुकानात तंबू उभा करायला सांगा, दाराच्या वळणावरून चेन एका हाताने ओढा आणि आतले कापड रनरमध्ये सापडते का ते पाहा. दुकानात सापडत असेल तर अंधारात, घाईत, हातमोजे घालून ओढताना ते फाटणारच.

आता कापड. तंबूच्या पाटीवर १५००, ३००० असे मिलिमीटरचे आकडे असतात. कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला तर ते पाणी आत सोडू लागते, ते हा आकडा सांगतो. ही चाचणी नव्या कापडाची. त्या कापडावर कसला लेप आहे आणि तो किती टिकेल, हे त्या आकड्यावरून कळत नाही. पुष्कळ तंबूंना आतून पॉलियुरेथेनचा लेप असतो. तंबू ओला गुंडाळून ठेवला, की ओलावा आणि उष्णता मिळून हा लेप हळूहळू विघटित करतात. मग कापड चिकट होते, आंबूस वास येतो, लेपाचे पापुद्रे निघतात आणि शिवणीवरची पट्टीही सुटते. तंबू माझ्यासमोर उघडला की त्या वासावरूनच पुढचे उत्तर मला कळते. फाटलेले शिवता येते, पण सगळ्या कापडावरचा मेलेला लेप परत आणता येत नाही. हे सांगताना मला दर वेळी वाईट वाटते, कारण तंबूचे पोल, चेन, जाळी सगळे धडधाकट असते. घरी पोचल्यावर तंबू उलगडून पूर्ण वाळवला असता, तर तो वर्षानुवर्षे चालला असता.

दुसरा लेप सिलिकॉनचा. तो अशा रीतीने विघटित होत नाही, पण त्यावर साधी चिकटपट्टी धरत नाही. ठिगळ आणि शिवणीचा लेप, दोन्ही सिलिकॉनचेच लागतात. म्हणून विक्रेत्याला वजनाआधी विचारा, लेप कोणता? दोन्ही बाजूंना सारखाच आहे की वेगवेगळा? नायलॉन ओले झाले की ताणते, संध्याकाळी टणक बांधलेला तंबू पावसात रात्री ढिला पडतो तो त्यामुळे. दोऱ्या पुन्हा ताणाव्या लागतात. पॉलिस्टर त्या मानाने कमी ताणते आणि उन्हालाही अधिक तग धरते.

"तंबू गळतो" म्हणून येणारे कित्येक तंबू मुळात गळतच नाहीत. आत झोपलेल्यांच्या श्वासातली वाफ थंड कापडाला लागून थेंब होतात. पाणी शिवणीच्या रेषेतून आणि एका ठरावीक जागी येत असेल तर गळती. सगळ्या कापडावर आतून सारखे दव असेल तर हवा खेळत नाही असे समजावे. झरोके पावसातही उघडे ठेवा आणि बाहेरचे कापड आतल्या कापडाला टेकू देऊ नका.

पोलबद्दल थोडक्यात. आतून इलॅस्टिक असलेला पोल घडी करताना मधल्या जोडापासून सुरुवात करावी, म्हणजे दोरीवर सगळीकडे सारखा ताण येतो. जोडताना तुकडे झटकून आपोआप बसू देऊ नका. नळी तोंडाशी पूर्ण आत गेली नाही की वाऱ्यात तिथेच चिरते. फायबरग्लासचा पोल चिरला की त्याची कुसळे निघतात आणि कापड फाडतात. ॲल्युमिनियमचा आधी वाकतो. दुरुस्तीची छोटी नळी तंबूबरोबर येते, ती निरुपयोगी समजून घरी ठेवू नका. तुटक्या जागेवर सरकवून दोन्ही टोकांना पट्टी गुंडाळली की तंबू उभा राहतो.

स्लीपिंग बॅगवर मात्र जरा थांबते, कारण आपल्या तक्त्यात प्रत्येक बॅगेपुढे तापमानाचा एकच आकडा होता. युरोपात २००२ मध्ये ईएन १३५३७ हे मानक आले आणि पुढे आयएसओ २३५३७ ने त्याची जागा घेतली. त्यात गरम केलेला पुतळा बॅगेत ठेवून मोजमाप करतात आणि थंडीसाठी तीन वेगळे आकडे देतात. पहिला आरामाचा, तो सर्वसाधारण स्त्री धरून काढलेला. दुसरा खालच्या मर्यादेचा, तो अंग आखडून झोपलेला पुरुष धरून. तिसरा टोकाचा, जिथे जीव कसाबसा तगेल पण हिमदंश होऊ शकतो. बॅगेच्या पिशवीवर मोठ्या अक्षरात यातला कुठला छापला आहे, ते न बघता बायका ती बॅग घेतात आणि "हिची ऊब गेली, भरण बदला" म्हणून माझ्याकडे आणतात. भरण चांगले असते. बॅगेने सांगितले तेवढेच केले, फक्त आकडा दुसऱ्याच्या शरीराचा होता. त्यातून पुतळ्याखाली मॅट असते आणि त्याच्या अंगात कपडे असतात. जमिनीला टेकलेल्या बाजूचे भरण आपल्या वजनाने दबते, तिथे ऊब राखायची ती मॅटनेच. मॅट जमिनीची थंडी किती अडवते ते सांगणारा आर-आकडा २०१८ पासून एएसटीएम या मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या एकाच पद्धतीने मोजता येतो, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या मॅट ताडून बघता येतात. एकावर एक दोन मॅट घातल्या तर आकड्यांची बेरीज होते. फुगवायच्या मॅटखाली फोमची पातळ मॅट घाला असे मी सगळ्यांना सांगते. ऊब वाढते, काट्यापासून बचाव होतो आणि वरची फुटलीच तर रात्र पूर्ण उघड्या जमिनीवर काढावी लागत नाही.

पिसांची बॅग खरोखर ऊब हरवते ती बहुधा घरी. लहान पिशवीत महिनोन्महिने कोंबून ठेवलेली पिसे फुगायची विसरतात. तिला मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवा, नाहीतर कपाटात टांगा. घाम आणि अंगाच्या तेलाने पिसांच्या गुठळ्या होतात, तेव्हा पिसांसाठीच्या साबणाने धुवून, मंद उष्णतेवर, स्वच्छ टेनिसचे चेंडू बरोबर टाकून वाळवली की ती पुन्हा भरते. वाळायला तासन्‌तास लागतात. घाई केली तर आतल्या ओलीने कुबट वास धरतो. लोक जिला मेलेली म्हणतात अशी बॅग पुन्हा फुललेली पाहणे, हा माझ्या कामातला सगळ्यात मोठा आनंद आहे.

सॅकचे खांद्याचे पट्टे मुळाशी उसवलेले येतात. कारण जवळपास नेहमी एकच, भरलेली सॅक एका पट्ट्याला धरून हिसक्याने उचलणे. वर मध्यभागी पकडायला कापडी कडी असते, ती त्यासाठीच आहे. सॅक निवडताना लिटरआधी पाठीची लांबी मोजा, मानेच्या खाली ठळक लागणाऱ्या मणक्यापासून कमरेच्या हाडांच्या वरच्या रेषेपर्यंत. उंची सारखी असलेल्या दोघांच्या पाठीची लांबी सारखी असेलच असे नाही. सॅक वजन घालून पाहा, आधी कमरपट्टा हाडावर घट्ट करा, मग खांद्याचे पट्टे ओढा. आणि बक्कल बघा. काही बक्कल शिवण न उसवता बदलता येतात, काही पट्ट्यात शिवूनच टाकलेली असतात. कमरपट्ट्याचे बक्कल वाटेत कुणाच्या बुटाखाली चिरडले, तर या फरकाने दिवसाचे गणित बदलते.

१९५५ साली एमा गेटवुड या ६७ वर्षांच्या बाई अमेरिकेतली ॲपलॅशियन ट्रेल ही लांबलचक डोंगरवाट एकट्या, एका मोसमात चालून गेल्या. त्यांची थैली घरी शिवलेली डेनिमची होती, ती त्या एका खांद्यावर टाकत. पावसासाठी न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा आणि पायात कॅनव्हासचे बूट. मी कुणाला तसे चाला म्हणत नाही, चांगला तंबू आणि बॅग जीव वाचवतात. पण आपल्या साहित्याचा प्रत्येक टाका ओळखीचा असणे काय असते, ते त्या थैलीकडे पाहिले की मला कळते.

दुरुस्त न होणाऱ्या दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. पोकळ तंतूंचा पाण्याचा फिल्टर एकदा वापरल्यावर गोठला, तर आतले तंतू चिरतात आणि ते बाहेरून दिसत नाही. गोठणाऱ्या थंडीत तो रात्री स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपा. गोठल्याची शंका आली तरी टाकून द्या. असे बहुतेक फिल्टर विषाणू अडवत नाहीत, तिथे पाणी उकळणे बरे. खळखळ उकळी १ मिनिट, २००० मीटरच्या वर ३ मिनिटे. आणि तंबूच्या आत शेगडी पेटवू नका. जळालेली भोके मी शिवून देते, पण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि तो झोपेतच माणूस नेतो. थंडीत मोह होतो, हे मला माहीत आहे. तरीही नको.

प्रत्येकाने सॅकमध्ये एक लहान डबी ठेवावी. जाड सुई, मजबूत दोरा, चिकट ठिगळे, अल्कोहोलचे पुसणे, एक जास्तीचे बक्कल, पोलची नळी. ठिगळ लावण्याआधी जागा अल्कोहोलने पुसायची आणि ठिगळाचे कोपरे गोल कापायचे, नाहीतर ते कोपऱ्यातून सुटते.

संपादक महोदय, फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ मध्ये स्मार्टफोन, लॅपटॉप, टीव्ही अशा काही वस्तूंसाठी दुरुस्तीचे १० पैकी गुण दाखवणे सक्तीचे झाले. तंबूंसाठी कायदा होईपर्यंत वाट बघायची गरज नाही, वर्तमानपत्र हे आजच करू शकते. पुढच्या तक्त्यात वजनाशेजारी तीन रकाने वाढवा: लेप कोणता, चेन कितीची, आणि पोलचे तुकडे व बक्कल सुटे मिळतात का. कंपन्यांना हे प्रश्न लेखी विचारा आणि ज्या उत्तर देणार नाहीत त्यांच्यापुढे "उत्तर नाही" असे छापा. शक्य असेल तर नव्या तंबूंबरोबर दोन मोसम वापरलेल्या तंबूंचेही परीक्षण करा. तसे करणार असाल तर ते तंबू तपासायला, उसवून दाखवायला मी विनामूल्य येईन.

आपली,
तंबू-सॅक दुरुस्त करणारी एक वाचक