तिसऱ्या गोलाचा गुण

सोलापूर,
रविवार रात्र

प्रिय दत्त्या,

गड्ड्याच्या जत्रेनंतर तुला एक ओळ लिहिली नाही. रागावला असशील तर बरोबरच आहे. तब्येत ठीक, आईचा गुडघा तसाच. आता मुद्द्याचं लिहितो, कारण हे घरी सांगून उपयोग नाही आणि लीगच्या कमिटीत बोललो की विषय मैदानाच्या भाड्यावर जातो.

आज आपल्या फुटबॉल लीगमधली गटाची शेवटची मॅच होती. दोन्ही टीमना पुढं जायला एकेक गुण पुरत होता. नावं लिहीत नाही, तू ओळखशील. पहिला हाफ बरा गेला. मग सुरू झालं. डाव्या बॅकनं उजव्याला, उजव्यानं गोलकीपरला, त्यानं परत डाव्याला. समोरचा एक पोरगा बॉलवर जाईना, कमरेवर हात ठेवून सगळे उभे. रेफ्रीनं कॅप्टनला बोलावून सुनावलं, तर तो म्हणतो, "सर, फाऊल दाखवा." फाऊल कुठला दाखवणार? आप्पा उठून घरी गेले बे. भर पावसात शेवटची शिट्टी होईपर्यंत न हलणारे आप्पा!

१९८२ च्या वर्ल्ड कपात गिहोनला पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रियानं हेच केलं. जर्मनीचा एक गोल झाला, तेवढ्यावर दोघांचं भागत होतं, अल्जेरिया घरी गेला. त्यानंतर फिफानं गटातल्या शेवटच्या मॅच एकाच वेळी ठेवायला सुरुवात केली. आपल्याकडं मैदानच एक, दोन मॅच एका वेळी घेणार कुठं?

पण माझी खरी काळजी आजची मॅच नाही. तसं वर्षातून एखाद्या वेळी होतं. रोजच्या मॅचमध्ये एक-शून्य झालं की पोरं मागं जाऊन बसतात, त्याचं काय करायचं? तू म्हणशील, जिंकायला तीन गुण आहेत की. आहेत. तिथला जुना खेळाडू जिमी हिल यानं आग्रह धरला आणि इंग्लंडनं १९८१ मध्ये दोनाचे तीन केले, ते याचसाठी. बरोबरीत असताना हिशोब जमतो: गोल केला तर दोन गुण जास्त मिळतात, खाल्ला तर एकच जातो, म्हणून माणूस पुढं पळतो. पण एकदा गोल झाला की? दुसऱ्या गोलाचं काहीच मिळत नाही, आणि एक खाल्ला तर दोन गुण जातात. मग कुठला कोच पोरांना पुढं सोडेल? स्पेनच्या लीगवर दोन अर्थतज्ज्ञांनी अभ्यास केला होता, त्यात हेच दिसलं. तीन गुण आल्यावर आघाडी घेतलेली टीम बचाव वाढवायला लागली आणि फाऊलही वाढले.

१९९० च्या वर्ल्ड कपात ५२ मॅचमध्ये ११५ गोल झाले, १९९४ मध्ये तेवढ्याच मॅचमध्ये १४१. तीन गुण १९९४ लाच आले, म्हणून कमिटीतले मास्तर ते आकडे तोंडावर फेकतात. अरे, पण मधे १९९२ मध्ये बॅकपास, म्हणजे आपल्याच खेळाडूनं पायानं मागं दिलेला बॉल, गोलकीपरनं हातात घ्यायचा नाही हा नियम आला, त्याचं श्रेय कुठं गेलं? तू स्टॉपर, म्हणजे बचावाच्या मधोमध खेळणारा होतास, तुला हे लगेच कळेल.

आणि स्टॉपर म्हटलं की पंढरपूरची फायनल आठवलीच. एक-शून्यवर मला ओरडून मागं बोलावलंस. मी पुढं राहिलो असतो तर दुसरा गोल झाला असता, हे मी आजही म्हणतो. नंतर दोन खाल्ले ते कुणामुळं, ते तुझ्या बायकोसमोर विचारीन.

तर माझं म्हणणं असं: मॅचचा निकाल लागला आणि एखाद्या टीमनं तीन गोल केले असतील, तर एक गुण जादा. हरली तरी. बरोबरीला जादा काही नाही, नाहीतर ठरवून तीन-तीन करतील. यात वेडेपणा काय आहे? पेले न्यूयॉर्कच्या कॉसमॉस टीमकडून खेळायचा त्या अमेरिकन लीगमध्ये विजयाला सहा आणि वर प्रत्येक गोलाला एक, तीन गोलांपर्यंत, असे गुण होते. रग्बीत चार ट्राय केले, म्हणजे समोरच्याच्या रेषेपलीकडं चारदा बॉल टेकवला, की बोनस गुण असतो. रणजीत डावानं जिंकलं की सहाचे सात होतात. प्रो कबड्डीत कितीतरी वर्षं सात किंवा कमी गुणांनी हरलेल्यालाही एक गुण मिळायचा, आणि शेवटच्या रेडपर्यंत लोक उठायचे नाहीत.

मास्तरांचं म्हणणं, गोल वाढवायचे तर शून्य-शून्यला दोघांनाही काही द्यायचं नाही. अर्धी कमिटी त्यांच्या बाजूनं झाली. इथं माझं डोकं फिरलं. विडी घरकुल वस्तीच्या टीमची पोरं पाहिलीस ना तू? निम्मी पोरं लूमवर रात्रपाळी करून येतात. त्यांच्या गोलकीपरच्या ग्लोव्ह्जचा अंगठा उसवलाय, त्यावर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली असते. मागच्या महिन्यात सगळ्यात तगड्या टीमला त्यांनी शून्यावर रोखलं. दहा जण बॉक्समध्ये, शेवटी क्रॅम्प येऊन दोघं आडवे, तरी उठून हेडर मारत होते. तो एक गुण त्यांनी घाम गाळून कमावलाय. आज कमरेवर हात ठेवून उभे होते ते आणि ही पोरं एकाच मापानं मोजायची? गोल करणाऱ्याला जरूर द्या, पण झुंजून वाचवणाऱ्याच्या खिशातून काढून देऊ नका. मी मतदान होऊ दिलं नाही.

आणि नियम घाईत केला की काय होतं, ते १९९४ मध्ये कॅरिबियन कपाच्या पात्रता मॅचमध्ये बार्बाडोसनं दाखवलं. जादा वेळेतला गोल दोन गोल धरायचा ठरवला होता. पुढं जायला दोन गोलांचा फरक हवा होता, म्हणून दोन-एकनं पुढं असताना त्यांनी आपल्याच जाळ्यात बॉल मारला, मॅच जादा वेळेत नेली आणि जिंकली.

आजच्यासारख्या मॅचला माझा जादा गुण पुरणार नाही, हे मला कळतं. त्यासाठी गट मोडून सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायला हवं, तेही मी मांडणार आहे. भाड्याचे पैसे कमी पडले तर नवी पेठेतल्या दुकानदारांकडं जाईन.

तुझं प्रमोशन झालं ते वहिनींच्या स्टेटसवर कळलं, अभिनंदन. धाकट्याचा दहावीचा अभ्यास कसा चाललाय? शेंगाचटणी पाठवतो, या वेळी कमी तिखट.

पुढच्या रविवारी सभा आहे. तू कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर दर हंगामात बसतोस, तुझ्या शब्दाला इथं वजन आहे. माझ्या नियमातून कुणाला पळवाट सापडेल, एवढंच डोकं लावून शोध आणि लिहून पाठव. फोन नको, मास्तरांपुढं कागद ठेवायचाय. शून्य-शून्यच्या गुणावर मात्र मी मागं येणार नाही.

तुझा,
बाळ्या