चाकं फिरू द्या म्हणणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं उघडच लिहितो आहे. मोटारींच्या शर्यतीत ट्रॅकच्या कुंपणापाशी आपण शेजारी उभे होतो. माझ्या कॅमेऱ्याच्या पडद्याकडे पाहून तुम्ही विचारलंत, "ही गाडी बंद पडली होती का?"

ती त्या शर्यतीतली सगळ्यात पुढची गाडी होती. शटर जेमतेम १/१००० सेकंद उघडं ठेवून टिपलेली. दारावरची बारीक अक्षरंसुद्धा वाचता येत होती आणि तेवढ्यावर मी खूश होतो. पण चाकाचे पाचही आरे मोजता येत होते. तुम्ही त्यावर बोट ठेवलंत तेव्हा पहिल्यांदा मला दिसलं, की माझ्या फोटोत गाडी होती, वेग नव्हता.

मग तुम्ही माझ्या वहीत मांडलेला हिशोब मला आता पाठ झाला आहे. ताशी १८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५० मीटर. चाकाचा घेर साधारण २ मीटर, म्हणजे सेकंदाला २५ फेरे. १/१००० सेकंदात चाक जेमतेम ९ अंश फिरतं. १/१२५ ला फिरतं ७२ अंश, आणि पाच आऱ्यांच्या चाकात दोन आऱ्यांमधला कोनही ७२ अंशांचाच. एक आरा पुढच्याच्या जागेपर्यंत पोचतो आणि सगळं चाक फिरताना दिसतं. इतकी वर्षं "शटर कमी ठेवा", म्हणजे शटरचा वेग कमी ठेवा, हे ऐकत होतो. ते का, हे त्या पाच ओळींत कळलं.

कळलं तरी हात वळेना. तुम्ही माझे पाय जिथे शटर दाबायचं त्या दिशेला रोवायला लावलेत, कोपरं बरगड्यांना टेकवलीत आणि कमरेतून वळायला शिकवलंत. गाडी लांब असल्यापासून तिच्यासोबत फिरायचं आणि फोटो निघाल्यावरही थांबायचं नाही. मी नेमका दाबण्याच्या क्षणी थबकत होतो. पहिल्या तासात एकही फोटो धड आला नाही. घाबरून मी पुन्हा १/५०० कडे गेलो, की तुम्ही म्हणायचात, "नाही, अजून हळू." सगळी गाडी स्पष्ट येणार नाही, कारण जवळून जाताना तिचं नाक आणि शेपूट आपल्या नजरेसमोरून सारख्या वेगाने सरकत नाहीत, तेव्हा हेल्मेट धरा, बाकीचं विरघळलं तरी चालेल, हे तुमचं सांगणं मला सर्वांत मोलाचं वाटतं. संगणकावर मागची बाजू पुसट करून हे साधत नाही, असं माझं आता ठाम मत आहे.

मधल्या विश्रांतीत तुम्ही लार्तीग या फ्रेंच छायाचित्रकाराच्या फोटोची गोष्ट सांगितलीत. १९१० च्या दशकातली फ्रान्समधली शर्यत, विशीच्या आतला मुलगा, गाडीमागे फिरवलेला कॅमेरा. त्या कॅमेऱ्यात शटरची फट काचेवरून सरकत सरकत फोटो उमटवायची; ती सरकेपर्यंत गाडी पुढे गेली आणि चाक लंबगोल होऊन पुढे कललं, तर प्रेक्षक उलटे, मागे झुकले. तो फोटो त्याला फसलेला वाटला होता. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्याची छायाचित्रं मांडली गेली आणि जग त्याला ओळखू लागलं. त्या दुपारी माझ्यापाशी फसलेल्या फोटोंचा ढीग होता. ती गोष्ट ऐकून मी पुन्हा उठून उभा राहिलो.

जाळीचं गाऱ्हाणंही तुम्हीच सोडवलंत. भर उन्हात १/६० ला लेन्सचं छिद्र अगदी बारीक, एफ/२२ पर्यंत लहान करावं लागत होतं आणि मग कुंपणाच्या तारा फोटोत उमटत होत्या. तुम्ही स्वतःचा ६ स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड सहा वेळा निम्मा करणारी गडद काच, काढून माझ्या लेन्सवर चढवलात. छिद्र मोठं उघडून एफ/२.८, लेन्स जाळीला भिडवलेली, आणि तारा गायब!

संध्याकाळी तुम्ही मला सरळ रस्त्यावरून हलवून वळणाआधी, जिथे गाड्या ब्रेक मारतात तिथे नेलंत. गाडीचं नाक दबतं, आतलं चाक उचललं जातं, चालकाचं डोकं आधीच वळणाच्या पोटाकडे वळलेलं असतं. मागून कलता सूर्य आणि उडालेली धूळ सोन्यासारखी. असा उजेड काही मिनिटांचाच असतो, हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक होतं. तरी तुमचा कॅमेरा बॅगेतच राहिला. तुम्ही माझ्या मागे उभं राहून "आता... फिरत राहा, फिरत राहा" म्हणत होतात. आभार मानायचे ते मुख्यतः त्या मिनिटांचे.

त्यातलाच एक फोटो मोठा छापून घेतला आहे. १/३० सेकंद. हेल्मेट लख्ख, आकडा वाचता येतो, मागचा पंख रंगांच्या रेघांत मिसळून गेलेला. जाळीची एकही तार नाही. गर्दीत चुकामूक झाली आणि तुमचा फिल्टर माझ्या लेन्सवरच राहिला. तो पुसून डबीत ठेवला आहे. पुढच्या शर्यतीला त्याच वळणावर, त्याच जाळीपाशी सकाळपासून उभा असेन. फोटो आणि फिल्टर, दोन्ही तुमच्या हातात द्यायचे आहेत.

तुमचा ऋणी,
पाच आरे मोजणारा