कार्लाइलचा कोट

ग्लासगो

प्रिय शिरीष,

सप्रेम नमस्कार.

निवृत्त हेडमास्तरांच्या पोर्ट्रेटचं काम मिळालं हे झकास झालं. पण ‘चेहरा विचारमग्न हवा’ ही त्यांच्या मुलांची अट वाचून हसू आलं. हनुवटीखाली हात, शेजारी दोन जाड ग्रंथ, खिडकीतून येणारी तिरीप, एवढी मांडामांड केली की झाला विचारवंत! इकडच्या म्युझियममध्ये तसं काही आहे का, असं तू विचारलंस. आहे, पण त्या म्हाताऱ्याजवळ ना पुस्तक, ना लेखणी.

इथल्या केल्विनग्रोव्ह म्युझियममध्ये व्हिसलर या अमेरिकन चित्रकाराने १८७२-७३ च्या सुमारास केलेलं टॉमस कार्लाइल या स्कॉटिश लेखक-इतिहासकाराचं चित्र आहे. गर्दी सगळी दाली या चित्रकाराच्या क्रूसावरच्या ख्रिस्तापुढे असते. खालच्या हॉलमध्ये दुपारी ऑर्गन वाजतो, तो ऐकायलाही माणसं थांबतात. या म्हाताऱ्यापुढे मात्र निवांत उभं राहता येतं.

चांगलं पुरुषभर उंचीचं कॅनव्हास. करडी भिंत, खाली काळपट पट्टा, भिंतीवर चौकटीतली दोन चित्रं. खुर्चीत कार्लाइल बाजूने दिसेल असा बसलाय. मांडीवर ओव्हरकोटचा ढीग, गुडघ्यावर हॅट, हातमोजा घातलेला एक हात काठीवर. आत्ताच आला असेल नाहीतर आता उठणार असेल, पण मुक्कामाला आलेला नाही एवढं नक्की. रंग इतका पातळ की कोटाच्या काळ्यातून कॅनव्हासचं विणकाम डोकावतं. तू जवळ जाऊन नाक लावलं असतंस आणि रखवालदार ओरडला असता. उजवीकडे भिंतीवर गोलात व्हिसलरचं फुलपाखरू, तीच त्याची सही.

नाव काय दिलंय माहितीये? ‘करड्या आणि काळ्याची रचना, क्रमांक २’. माणसाचं नाव त्यानंतर. क्रमांक १ म्हणजे त्याच्या आईचं ते प्रसिद्ध चित्र. तेच पाहून कार्लाइल बसायला तयार झाला. दोघंही लंडनला चेल्सीत, एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहायचे.

पुढची गंमत अ‍ॅलिंगहॅम नावाच्या कवीने रोजनिशीत टिपून ठेवलीय. दोन-तीन बैठकांत काम होईल असं सांगून व्हिसलरने म्हाताऱ्याला कितीतरी वेळा बसवलं. जरा हलला की हा कळवळून ओरडणार, देवासाठी हलू नका! कार्लाइलची तक्रार अशी की याचा सगळा जीव कोटात, चेहऱ्याशी याला फारसं घेणंदेणं नाही. शेवटी त्याने साफ नकार दिला. व्हिसलरइतका विचित्र प्राणी पृथ्वीच्या पाठीवर नाही, असंही तो म्हणायचा.

माझं म्हणणं तुला पटणार नाही कदाचित, पण हे चित्र असं उतरलं ते त्या कोटामुळे. व्हिसलर चेहऱ्यामागे लागला असता, तर कार्लाइलने चेहरा केला असता. आयुष्यभर थोर पुरुषांवर लिहिलेला माणूस तो, थोर कसं दिसायचं हे त्याला पक्कं ठाऊक. पण चित्रकार तासन्‌तास बाहीच्या चुणीत अडकलेला. मग म्हातारा किती वेळ थोर राहणार? कंटाळला, आणि आपल्याच नादात गेला.

त्या नादात काय असेल, हे थोडं कळतं. पंच्याहत्तरी उलटलेली. उजवा हात इतका थरथरे की लिहिणं जवळजवळ थांबलेलं, मजकूर भाची उतरून घेई. बायको जेन १८६६ साली अचानक गेली. तिच्या मागे तिची डायरी आणि पत्रं वाचताना त्याला उमगलं की आपल्या संसारात ती किती एकटी होती. तेव्हापासून तो त्याच कागदांत गुंतलेला. हे ठाऊक असल्यावर चित्रातला तो हातमोजा बघवत नाही. पण व्हिसलरने यातलं काहीही ‘दाखवलेलं’ नाही. डोळ्यांत पाणी नाही, कपाळावर मुद्दाम ओढलेली आठी नाही. खांदे तेवढे थकलेले.

१८९१ साली ग्लासगोच्या पालिकेने हे चित्र एक हजार गिनींना, म्हणजे १,०५० पौंडांना घेतलं. इथल्या तरुण चित्रकारांनीच त्यासाठी लकडा लावला होता. पालिकेची मंडळी घासाघीस करायला गेली, पण व्हिसलर किमतीवरून हलला नाही. कार्लाइलला जाऊन तोवर दहा वर्षं झाली होती.

तेव्हा मास्तरांचं काम निव्वळ फोटोवरून करू नकोस. फोटोत ते नक्की वर्गावर आल्यासारखे बसणार. समोर बसव, गप्पा मारू नकोस आणि पहिले दोन दिवस धोतराच्या घड्या रंगव, नाहीतर कोट असेल तर कोट. मुलं डोकावून म्हणतील, ‘बाबांचा चेहरा कुठंय?’ येतोय म्हणावं. फक्त मास्तरांना व्हिसलरसारखं ताटकळत ठेवू नकोस, अधूनमधून चहा दे. आणि निम्मे पैसे आधी घे, मागच्या वेळेचं विसरलास का?

पोस्टकार्ड वेगळं पाठवतोय. त्यावर काळे रंग सगळे एकच दिसतात, तेव्हा त्यावरून व्हिसलरला नावं ठेवू नकोस. वहिनींना नमस्कार, चिंगीला पापा.

तुझा,
मोहन