ऑपरेशन दिवाळीनंतर करू

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न.

बाबा, हर्नियाचं ऑपरेशन दसऱ्याआधी उरकायचं असं तुम्ही ठरवलंय, हे दादाकडून कळलं. माझं ऐका, दिवाळीनंतर करू. फोनवर तुम्ही 'बरं, बघू' म्हणता आणि विषय तिथंच राहतो, म्हणून लिहितेय.

मला काळजी छातीची आहे. बेंबीच्या वर छेद घेतला की दुखतं म्हणून माणूस पुरता श्वास घेत नाही, खोकत नाही. त्यात भुलीचा परिणाम. फुप्फुसांचा खालचा भाग मिटतो, कफ साठतो आणि न्यूमोनिया होतो. टाके अगदी छान भरलेत आणि पेशंट मात्र ऑक्सिजनवर, असं आमच्या वॉर्डात मी बघते.

हा धोका आधी मोजता येतो. 2010 साली स्पेनमधल्या डॉक्टरांनी अ‍ॅरिसकॅट नावाचा हिशेब मांडला. तुमचाच मांडते. वय 51 ते 80 मध्ये, 3 गुण. दादाने बोटाला यंत्र लावलं तेव्हा ऑक्सिजन 94 आला. 91 ते 95 ला 8. पोटाच्या वरच्या भागावर छेद, 15. दोन-तीन तास लागतील म्हणालेत, त्याचे 16. आणि परवाच ताप-खोकल्याला अँटिबायोटिक घेतलंत ना? महिन्याभरातल्या अशा आजाराला 17. बेरीज 59. 45 पासून पुढं धोका जास्त; त्या गटात शंभरातल्या चाळीसहून अधिक जणांना छातीचा काही ना काही त्रास झाला. किरकोळ त्रासही त्यात धरलेत, तरी आकडा लहान नाही.

महिना गेला की ते 17 गळतात, उरतात 42. ऑक्सिजन 96 वर आला तर 34. म्हणजे मधला गट, तिथं शंभरात साधारण तेरा. हिमोग्लोबिन 10 च्या वर आहे म्हणून त्याचे 11 लागले नाहीत, तेवढं बरं.

बिडी या हिशेबात नाही, म्हणून ती चालते असं समजू नका. निपाणीच्या वखारीत तंबाखूची धूळ तुम्ही जन्मभर ओढलीत, वर बिडी. आज सोडलीत तर चार-सहा आठवड्यांत छाती बरीच मोकळी होईल. बाबा, या एका गोष्टीसाठी मी पाया पडते.

आई, तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र पाठवतेय. फुंकायचं नाही, ओढायचं. चेंडू वर गेले की क्षणभर धरून ठेवायला सांग. उशी पोटाशी घट्ट धरून खोकायची सवयही आत्तापासूनच लाव. ऑपरेशननंतर शिकवायला गेलं की दुखण्यापुढं काही सुचत नाही.

बेळगावला भुलीचे डॉक्टर तपासतील तेव्हा ताप, खोकला, बिडी सगळं सांगा. कन्नडात 'केम्मु इदेया', म्हणजे खोकला आहे का, विचारलं तर घाईनं 'इल्ला', नाही, म्हणू नका.

मात्र गाठ आत जाईना, कडक होऊन दुखायला लागली किंवा उलट्या सुरू झाल्या, तर दिवाळी-बिवाळी काही बघायची नाही. त्याच घडीला गाडी काढायची, रात्र असली तरी. दादालाही हे सांगून ठेवलंय.

नवी तारीख सांगा, मी रजा टाकते.

तुमची,
ताई