दोन वेळा मीटर बदलूनही स्पीडोमीटर बंदच पडतो: मूळ दोष शोधून दुरुस्त करण्याबाबत

दिनांक : 11 ऑगस्ट
प्रति,
मा. ग्राहकसेवा प्रमुख,
(दुचाकी उत्पादक कंपनी)

विषय : वॉरंटीतील 150 सीसी मोटारसायकलच्या स्पीडोमीटरमधील वारंवार उद्भवणारा दोष व अधिकृत सर्व्हिस सेंटरने केलेली अपुरी दुरुस्ती.

महोदय/महोदया,

आपल्या कंपनीची मोटारसायकल मी दहा महिन्यांपूर्वी पुण्यातील अधिकृत विक्रेत्याकडून खरेदी केली. नोंदणी क्रमांक, चासी क्रमांक आणि सर्व्हिस सेंटरच्या तिन्ही जॉब कार्डांच्या (दुरुस्तीच्या नोंदपत्रांच्या) प्रती सोबत जोडल्या आहेत.

दोषाची पहिली चाहूल मला मीटरवरून नव्हे, तर पेट्रोलच्या हिशेबावरून लागली. मी प्रत्येक वेळी टाकी पूर्ण भरतो आणि आकडे वहीत लिहून ठेवतो. लिटरला सरासरी 45 किलोमीटर जाणारी गाडी जूनमध्ये एकाएकी 27 वर आली, म्हणून कार्ब्युरेटरच्या काळातल्या सवयीने मी आधी इंजिनावरच संशय घेतला. पण धायरीहून शिवाजीनगरला जाऊन-येऊन जे अंतर नेहमी 25 किलोमीटरच्या आसपास भरते, ते ट्रिप मीटरने एके दिवशी 15 दाखवले, तेव्हा पेट्रोल जास्त जळत नसून धावलेले अंतरच कमी मोजले जात आहे, हे ध्यानात आले. त्यानंतर लक्ष ठेवले असता, सिंहगड रस्त्यावर गाडी वाहतुकीच्या वेगाने चालत असतानाही मीटरवरचा आकडा मध्येच शून्यावर येतो, काही वेळाने आपोआप परततो आणि तेवढ्या वेळात ए.बी.एस.चा (अचानक ब्रेक दाबल्यावर चाक जागीच अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा पेटलेला असतो, असे आढळले.

सर्व्हिस सेंटरने पहिल्या वेळी संपूर्ण मीटर बदलून दिला. बारा दिवसांत तोच प्रकार सुरू झाला, म्हणून दुसऱ्यांदाही मीटरच बदलला. तिसऱ्या वेळी मात्र "पावसाळ्यात असे होतेच, ऊन पडले की बंद होईल" असे तोंडी सांगून जॉब कार्डवर "तपासले, ओके" असा शेरा मारून गाडी परत केली. पावसाळ्यात बंद पडणारा वेगमापक पुण्यात जून ते सप्टेंबर कोणी कसा वापरावा, या माझ्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही.

वॉरंटीला बाधा येऊ नये म्हणून गाडीचा एकही स्क्रू न उघडता मी स्वतः जी तपासणी केली, ती तंत्रज्ञांच्या उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहीत आहे. या गाडीत जुन्या पद्धतीची फिरती केबल नाही. पुढच्या चाकाजवळचा सेन्सर चाकाच्या फेऱ्या मोजतो आणि तोच संकेत ए.बी.एस.ला व मीटरला मिळतो, असे आपल्याच सर्व्हिस सेंटरमध्ये मला सांगण्यात आले होते. मीटर आणि ए.बी.एस.चा दिवा यांचा घोटाळा एकाच क्षणी होतो, याचा अर्थ दोष मीटरमध्ये नसून त्याच्या आधीच्या वाटेवर असावा, असे मला वाटले. म्हणून घराजवळच्या मोकळ्या मैदानावर मी ताशी 12 ते 15 किलोमीटर वेगाने हँडल बरेच वळवून आधी उजवीकडे दहा आणि मग डावीकडे दहा फेऱ्या मारल्या. उजवीकडच्या दहाही फेऱ्यांत आकडा स्थिर राहिला. डावीकडच्या दहापैकी आठ फेऱ्यांत तो शून्यावर आला आणि दिवा पेटला. मैदान तेव्हा कोरडे होते. हीच कसोटी दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतली, निष्कर्ष तोच. गाडी उभी करून पाहिले असता, सेन्सरची वायर फोर्कवरून (पुढचे चाक धरणाऱ्या दांड्यांवरून) चासीकडे जिथे वळते तिथे हँडल डावीकडे पूर्ण वळवताच ती ताणली जाते आणि त्या जागी तिचे वरचे आवरण घासलेले स्पष्ट दिसते. त्याची छायाचित्रे व मैदानावरील चित्रफीत सोबत देत आहे. आतली तार तुटत आली असेल किंवा कनेक्टर सैल झाला असेल. नेमके काय ते आपले तंत्रज्ञ मल्टिमीटर लावून, हँडल दोन्ही बाजूंना वळवून काही मिनिटांत ठरवू शकतील. ही साधी तपासणी तीन भेटींत एकदाही झाली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

125 सीसीहून मोठ्या दुचाकींना ए.बी.एस. 1 एप्रिल 2019 पासून सक्तीचे आहे, आणि ते ज्या क्षणी लागेल नेमके त्या क्षणी बंद असण्याची शक्यता या दोषामुळे निर्माण झाली आहे. आठवड्यातून दोन दिवस माझी मुलगी हीच गाडी घेऊन कॉलेजला जाते. ओल्या रस्त्यावर तिने अचानक ब्रेक दाबला तर काय होईल, हा विचार आता माझ्या मनातून जात नाही. चालू स्थितीतील वेगमापक ही तर केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 117 चीच अपेक्षा आहे.

दुसरी अडचण नोंदींची आहे. पहिला मीटर काढला तेव्हा त्यावर 6,140 किलोमीटर होते. दोन्ही नवे मीटर शून्यापासून सुरू झाले, आणि जुना आकडा ना जॉब कार्डवर लिहिला गेला ना सर्व्हिस पुस्तिकेत. ऑइल बदलण्याची वेळ त्यामुळे मला अंदाजाने ठरवावी लागते, आणि उद्या गाडी विकायची झाली तर मीटर मागे फिरवल्याचा आळ माझ्यावर येईल.

तरी सेन्सर, त्याची वायर आणि कनेक्टर यांची तपासणी करून सदोष भाग वॉरंटीअंतर्गत बदलावा, नवी वायर हँडल वळताना ताणली जाणार नाही अशा रीतीने बसवावी, आणि गाडी माझ्या समक्ष दोन्ही बाजूंना वळवून चालवून दाखवावी, ही विनंती. दोन्ही वेळा मीटर बदलल्याची नोंद जुन्या आकड्यांसह सही-शिक्क्यानिशी मिळावी. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास, ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार वस्तूतील दोष व सेवेतील त्रुटी या दोन्ही कारणांसाठी मला पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जावे लागेल. तशी वेळ येऊ नये, अशी माझी प्रामाणिक इच्छा आहे. गाडी मला आवडते आणि ती मला वापरायची आहे.

तपासणीसाठी कोणत्याही शनिवारी सकाळी मी गाडी घेऊन येऊ शकेन.

आपला विश्वासू,
तक्रारदार ग्राहक
धायरी, पुणे

सोबत : खरेदीची पावती, तीन जॉब कार्डांच्या प्रती, पेट्रोलच्या नोंदवहीची पाने, वायरची छायाचित्रे व चित्रफीत.