तुझ्या पटकथेतल्या ड्रायव्हरविषयी

पंचवटी, नाशिक

चिरंजीव बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेली पटकथा मी दोन वेळा वाचली. पहिल्यांदा कौतुकाने एका बैठकीत वाचून काढली आणि दुसऱ्यांदा वाचताना अकराव्या पानावर थांबले. तिथे रात्रीच्या महामार्गावरून एक ट्रक येतो. चालवणाऱ्याचे डोळे तांबारलेले आहेत, सीटखाली बाटली आहे, रस्त्याकडेला एकट्या उभ्या असलेल्या मुलीकडे पाहून तो हसतो आणि पुढच्याच प्रसंगात एका सायकलस्वाराला चिरडून न थांबता निघून जातो. त्याला तू नावही दिलेले नाहीस. 'ट्रक ड्रायव्हर, वय 50, राकट' एवढीच त्याची ओळख लिहिली आहेस. तुझ्या बाबांचे वय आज 51 आहे आणि गेली 28 वर्षे ते ट्रक चालवत आहेत. हे मी फोनवर बोलले असते तर तू लगेच 'बदलून टाकतो' म्हणाला असतास. मला नुसता तो बदल नको आहे, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

ज्या घराचा सगळा खर्च ट्रकच्या फेऱ्यांवर चालला, त्या घरातल्या मुलाच्या लिखाणात सिनेमातलाच ड्रायव्हर कसा येऊन बसला, याचा मी आठवडाभर विचार केला. त्यात तुझा दोष मला कमीच वाटतो. बाबा घरी आले की तू त्यांना झोपलेलेच पाहिलेस, कारण ते यायचे ते चार-पाच रात्रींची झोप थकवून यायचे. मी तुला 'आवाज करू नकोस' म्हणायची आणि तू जागा होईपर्यंत ते पुन्हा निघून गेलेले असायचे. रस्त्यावरचे बाबा तू पाहिलेच नाहीस, म्हणून रस्त्याविषयी तुला जे ठाऊक झाले ते पडद्यावरून. शिवाय दोष माझाही आहे. तुझ्या शाळेच्या अर्जावर वडिलांच्या व्यवसायापुढे मी 'वाहतूक व्यवसाय' असे लिहिले होते. 'ट्रकचालक' हा शब्द लिहायला माझा हात कचरला. बाई काय म्हणतील, पोराकडे कसे बघतील, ही भीती माझ्या मनात कुठून आली असेल? मीही तेच चित्रपट पाहत मोठी झाले होते.

माझ्या लहानपणी ज्या चित्रपटाविषयी घरात बोलले जायचे तो 1971 चा 'दुश्मन'. राजेश खन्ना त्यात ट्रकचालक आहे; दारूच्या नशेत त्याच्या गाडीखाली एक शेतकरी मरतो आणि न्यायाधीश त्याला नेहमीसारखा तुरुंगात न पाठवता त्या शेतकऱ्याच्याच घरी राहून कुटुंब सांभाळण्याची शिक्षा देतात. ड्रायव्हर म्हणजे दारू, हे समीकरण त्यातही आहेच, पण निदान त्या माणसाला ज्या घराचे नुकसान केले त्या घरात राहावे लागते, त्यांच्या डोळ्याला डोळा द्यावा लागतो. पुढच्या कितीतरी हिंदी चित्रपटांनी तेवढेही केले नाही. प्रामाणिक अधिकारी किंवा साक्षीदार संपवायचा असला की खलनायक एक फोन करतो, कुठून तरी ट्रक येतो आणि काम होते. ट्रक कोण चालवत होता, हे विचारण्याची गरज कोणालाच भासत नाही.

मागच्या दिवाळीत तू मला स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा 'ड्युएल' दाखवलास. तोही 1971 चाच. एका मोटारीतल्या माणसाच्या मागे एक जुनाट टँकर हात धुवून लागतो आणि अखेरपर्यंत त्या टँकरच्या चालकाचा चेहरा दिसत नाही. खिडकीबाहेरचा हात दिसतो, बूट दिसतात, बस्स. तू मला म्हणाला होतास की चेहरा न दाखवण्यातच दिग्दर्शकाचे कसब आहे. ते मला पटले. तो चित्रपट मोटारीत बसलेल्या माणसाच्या भीतीचा आहे आणि ती भीती खरी आहे. घाटात मागून मोठी गाडी आली की माझ्याही पोटात गोळा येतो. मात्र चेहरा काढून घेतला की माणसाचे भूत होते, हे त्या दिवशी तूच मला शिकवलेस, आणि तुझ्या अकराव्या पानावर तू नेमके तेच केले आहेस.

आता जे तू पाहिले नाहीस ते सांगते. सिनेमातला ट्रक कायम धावत असतो. तुझ्या बाबांच्या कामाचा मोठा भाग थांबण्याचा आहे. लासलगावला कांदा भरायचा असेल तर गाडी व्यापाऱ्याच्या खळ्यावर लागते; लिलाव, निवड, गोण्या भरणे आणि हमालांची पाळी यांत सकाळची संध्याकाळ होते. मग वजनकाटा, मग ताडपत्री. कांद्याला पावसाचे पाणी लागू द्यायचे नाही आणि त्याची हवाही कोंडू द्यायची नाही, त्यामुळे वाटेत आभाळ पाहून ताडपत्री ओढायची आणि पुन्हा मोकळी करायची, हे दिवसातून कितीदा तरी होते. पुढे मोठ्या शहराच्या वेशीवर जड वाहनांना दिवसा प्रवेश नसतो, म्हणून रात्रीची वाट पाहायची. बाजारात पोहोचल्यावर माल खाली होण्याची वाट पाहायची. आणि सगळ्यांत लांब वाट परतीच्या भाड्याची. कोलकात्याहून, म्हणजे सुमारे 1800 किलोमीटरवरून, रिकामी गाडी आणणे मालकाला परवडत नाही, त्यामुळे दोन-दोन, तीन-तीन दिवस अनोळखी ठिकाणी गाडीतच राहावे लागते. अंबड-सातपूरच्या कारखान्यांचा माल असला की ई-वे बिलाची, म्हणजे माल नेताना लागणाऱ्या सरकारी ऑनलाइन कागदाची, मुदत डोक्यावर असते. 2021 पासून साधारण दर 200 किलोमीटरला एक दिवस असा तिचा हिशेब आहे, आणि गाडी बिघडून एका जागी अडकली तरी ते घड्याळ चालूच राहते.

थांबणे म्हणजे विश्रांती नव्हे. गाडी उभी असताना टाकीतले डिझेल जाते, ताडपत्री फाडून माल जातो, आणि जे जाईल त्याची भरपाई भाड्यातून होते. म्हणून बाबा केबिनमध्ये झोपतात ते एक कान उघडा ठेवून. पूर्वी बरोबर क्लीनर असायचा, दोघे आळीपाळीने झोपायचे. आता बहुतेक फेऱ्यांना तो नसतो. उन्हाळ्यात दुपारी केबिन भट्टीसारखी तापते. 2025 पासून बनणाऱ्या मोठ्या मालट्रकांना वातानुकूलित केबिन बंधनकारक झाली आहे, हे वाचून मला फार बरे वाटले होते, पण बाबांची गाडी जुनी आहे आणि तिच्यात अजून ओला टॉवेलच आहे.

तुझ्या पटकथेत अपघात दारूने होतो. खऱ्या रस्त्यावर झोप त्याहून जवळची वैरीण आहे. 1961 साली मोटार वाहतूक कामगारांसाठी जो कायदा झाला, त्यात दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तास काम, लांब पल्ल्यावर फार तर दिवसाला 10 तास, आणि पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती असे लिहिलेले होते. मी हे बाबांना वाचून दाखवले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "भत्ता फेरीवर मिळतो, तासावर नाही." तुला लिहायचे असेल तर या वाक्यात एक अख्खा चित्रपट आहे.

मी सगळ्या ड्रायव्हरांना संत ठरवत नाही. पिणारे आहेत, जागे राहण्यासाठी नको ते खाणारे आहेत, घर विसरलेलेही आहेत. बाबा स्वतः अशा माणसांबरोबर ढाब्यावर खाटेला खाट लावत नाहीत. पण एका व्यवसायात वाईट माणसे असणे आणि त्या व्यवसायाचे नावच वाईट माणसाची ओळख होणे, यांत फरक आहे. तुझ्या पटकथेत डॉक्टर आहे आणि तोही लबाड आहे. पण तू त्याला नाव दिलेस, बायको दिलीस आणि लबाडीचे कारणही दिलेस.

घाटाविषयीही थोडे लिहिते, कारण तुझ्या शेवटच्या प्रसंगात कसारा घाटात कोणीतरी ब्रेकची नळी कापतो आणि ट्रक सुसाट सुटतो. बाबांच्या गाडीला हवेचे ब्रेक आहेत. त्यांतली हवा गेली तर मागच्या चाकांचे स्प्रिंगचे ब्रेक आपोआप आवळले जातात आणि गाडी सुटायच्या ऐवजी जागीच जखडते. गाडी खरोखर हाताबाहेर जाते ती वेगळ्या कारणाने: भरलेली गाडी वरच्या गियरमध्ये किंवा न्यूट्रलमध्ये उतरवली, सतत ब्रेक दाबत राहिले, की ड्रम तापतात, लायनरचा जळका वास येतो आणि मग पाय कितीही दाबला तरी पकड लागत नाही. म्हणून जुने लोक शिकवतात की ज्या गियरमध्ये घाट चढायचा त्याच गियरमध्ये तो उतरायचा. द्राक्षांच्या हंगामात बाबा न्हावाशेवा बंदराला कंटेनर नेतात तेव्हा इगतपुरी सोडल्यावर गाडी बाजूला घेऊन खाली उतरतात, चाकांवर हात धरून उष्णता पाहतात, कंटेनरवरचा तापमानाचा आकडा पाहतात, आणि मगच घाटाला लागतात. मागच्या मोटारी हॉर्न वाजवत राहतात. त्या मोटारींत बसलेल्यांना वाटते की हा आडमुठा ड्रायव्हर वाट देत नाही. आणि तो हळू जातो आहे म्हणूनच त्या मोटारी सुखरूप खाली पोहोचतात, हे त्यांना कळण्याचा काही मार्गच नाही.

तू सातवीत असताना बाबांचा डावा हात प्लास्टरमध्ये होता, ते तुला आठवत असेल. ताडपत्री बांधताना घसरून पडले, असे आम्ही तुला सांगितले होते. ते खरे नव्हते. धुळ्याच्या अलीकडे रात्री एक दुचाकी मागून त्यांच्या गाडीवर आदळली. चालवणारा मुलगा विशीतला होता. बाबांनी गाडी थांबवली, त्याला उचलून केबिनमध्ये घेतले आणि जवळच्या दवाखान्यात पोहोचवले. तिथे जमलेल्या लोकांनी काय झाले हे विचारायच्या आधीच त्यांना खाली ओढले. त्यांचा हात तेव्हा मोडला. तो मुलगा वाचला, आणि चार दिवसांनी शुद्धीवर आल्यावर चूक आपली होती असे त्यानेच सांगितले. तुला खरे सांगू नये, असे बाबांनीच मला बजावले. 'उद्या तोही म्हणेल की बाबा, थांबू नका, पळून जात जा' एवढेच कारण त्यांनी दिले. आता तू मोठा आहेस आणि पळून जाणारा ड्रायव्हर लिहितो आहेस, म्हणून मी त्यांची ती आज्ञा मोडते आहे.

जानेवारी 2024 मध्ये नव्या न्याय संहितेविरुद्ध ड्रायव्हरांनी संप केला तेव्हा मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोतून टँकर निघेनात आणि नाशिकच्या पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, हे तुला ठाऊक आहे. अपघातात माणूस मेला आणि चालक कोणाला न कळवता निघून गेला, तर 10 वर्षांपर्यंत शिक्षा, असे त्या कलम 106 च्या दुसऱ्या उपकलमात होते. 1 जुलै 2024 रोजी संहिता लागू झाली, ते उपकलम मात्र लागू न करता मागे ठेवले गेले. आपल्या गल्लीत तेव्हा लोक म्हणत होते की यांना माणसे मारून पळायची मुभा हवी आहे. मला ते ऐकवले नाही. ज्याच्या घरचे माणूस रस्त्यावर गेले त्याला न्याय मिळायलाच हवा, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही, आणि पळून जाणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पण पळणारा प्रत्येक जण निर्दय म्हणून पळतो, असे लिहिताना तू एकदा जमावाच्या मधोमध उभे राहून पाहा. थांबलेल्या माणसाचा हात मी सहा आठवडे गळ्यात बांधलेला पाहिला आहे.

पटकथा मी बाबांना दाखवलेली नाही. तू काहीतरी लिहिले आहेस एवढे त्यांना माहीत आहे आणि आडगावच्या ट्रक टर्मिनसवर ते चार जणांना सांगून आले आहेत. शुक्रवारी ते पिंपळगावहून टोमॅटो घेऊन निघणार आहेत. मी मालकांना विचारून ठेवले आहे, मुलगा बरोबर आला तर त्यांची हरकत नाही. पुण्याहून गुरुवारी रात्रीच ये. अंगावर जाड काहीतरी असू दे, पहाटे केबिनमध्ये गारठा असतो. क्रेट भरून झाल्यावर ताडपत्री ओढायला दुसऱ्या बाजूने माणूस लागतो आणि या फेरीलाही क्लीनर नाही. गाठ कशी मारायची ते बाबा दाखवतील.

तुझी,
आई